नाव आणि तिचें नांव

मराठींत ‘नाव’ म्हणजे होडी आणि ‘नांव’ म्हणजे नाम. लिहितांना या दोहोंत एका अनुस्वाराचें अंतर आहे. बोलतांना तेवढेंहि राहत नाहीं, आणि म्हणून आजच्या भाषणाचा विषय केवळ कानांनीं ऐकणारांस प्रथम जरा घोटाळ्याचा वाटेल. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें या दोन शब्दांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. एक संस्कृत ‘नौ’ शब्दापासून आला, दुसरा ‘नामन्’ शब्दापासून. परंतु दर्यावर्दी लोकांच्या व्यवहारांत मात्र ते एकमेकांस सोडून राहत नाहींत. नावेची डागडुजी संपून ती पुन्हां पाण्यांत उतरावयाची असते, त्याच सुमारास तिच्या अंगावरील नांव नव्यानें रंगविलें जातें, नारळ फुटतो आणि तें नांव मोठ्यानें उच्चारलें जातें. ही नुसती हौस आहे काय? कीं डागडुजी आणि नामकरण यांत कांहीं आंतरिक नातें आहे? इजा झालेल्या शिडाच्या नौकेस पुढल्या प्रवासासाठीं सिद्ध करणें म्हणजे काय, हें क्रमानें पाहिलें तर या प्रश्नाचें उत्तर आपोआप हातीं येईल.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळ जण समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर राहणारे. तेव्हां आरंभ घाटावरील एका ओळखीच्या उदाहरणानें करूं. नाशिकजवळ एकलहरे येथें मोठें औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील संच वरून पाहतां सुरळीत फिरत असला, तरी ठराविक मुदतीनें तो मुद्दाम थांबवावा लागतो, उघडावा लागतो, आणि आंतले भाग तपासून, झिजलेले बदलून मगच पुन्हां चालू करावा लागतो. बिघाड दिसण्याची वाट पाहत बसणें हें शहाणपण नव्हे, हें तेथील प्रत्येक कामगार जाणतो. नौकेचें तत्त्व तेंच आहे. भेद एवढाच कीं, एकलहऱ्याचा एक संच अचानक बंद पडला तर दुसऱ्या केंद्राची वीज मदतीस धांवते. भर समुद्रांत नाव फुटली तर मदतीस धांवणारें दुसरें कोणी बहुधा नसतें. किनाऱ्यावर राहून गेलेली चूक तेथें माणसाच्या जिवाशीं येते.

नौकेस इजा होते ती केवळ खडकावर आपटून किंवा वादळांत सांपडून, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. शिडांत वारा भरला म्हणजे तो नौकेस पुढें तर नेतोच, पण तिला एका कुशीवर कलथविण्याचाहि प्रयत्न करतो. डोलकाठी म्हणजे या वेळीं एक प्रचंड तरफ असते. तिच्यावरील सगळा ताण तिला दोहों बाजूंनीं आवळून धरणाऱ्या तणाव्यांवर येतो, तणाव्यांतून तो नौकेच्या अंगांत उतरतो, आणि खालीं कण्याचें वजन त्यास उलट दिशेनें खेंचीत असतें. प्रत्येक लाटेबरोबर हा ताण वाढतो आणि सैल पडतो. एका दिवसांत हें हजारों वेळां घडतें. एखादी तार आपण हातांनीं पुनःपुन्हां वाकविली असतां जशी ती अखेरीस तुटते, तशी येथील धातूची दशा होते. आणि तुटण्याच्या आदल्या क्षणापर्यंत ती बाहेरून धडधाकट दिसते. म्हणून डागडुजीचें पहिलें काम हातोडा उचलण्याचें नसून शोध घेण्याचें आहे. नौकेचें अंग, तळचा कणा, सुकाणूं आणि डोलकाठी या चार जागा विश्वासानें तपासल्यावांचून कोणताहि जाणता तांडेल पुढल्या प्रवासाची भाषा बोलत नाहीं.

या तपासणीस आपल्या कोंकण किनाऱ्यानें एक ऋतुच नेमून दिला आहे. नैऋत्येचा पाऊस सुरू झाला कीं समुद्र खवळतो, आणि पूर्वापार मच्छीमार आपल्या होड्या वाळूवर किंवा खाडीच्या आश्रयास ओढून घेतात. अलीकडच्या काळांत सरकारी नियमानेंहि सर्वसाधारणपणें जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यांत माशांच्या वाढीचाहि हेतु आहे. या अवधींत शिडें व जाळीं उतरवून सुकविलीं जातात, तळाला चिकटलेल्या शिंपा व शेवाळ खरवडून काढतात आणि लांकडाचा प्रत्येक सांधा पाहतात. पुढें श्रावणांतली नारळी पौर्णिमा येते. दर्यास नारळ अर्पण होतो आणि रंगविलेल्या, पताका लावलेल्या होड्या पाण्यांत लोटल्या जातात. शहरांतील लोकांस या सणाचा नारळीभात तेवढा ठाऊक असतो. त्या भाताच्या मागें दोन महिन्यांची डागडुजी असते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

लांकडी नौकेची डागडुजी कशी करतात, हें आतां थोडक्यांत पाहूं. फळी आणि फळी यांच्यामधील फटींतून जुनें, कुजलें भरण उकरून काढावयाचें, त्या जागीं कापसाची किंवा काथ्याची वात छिन्नीच्या जातीच्या बोथट हत्यारानें ठासावयाची आणि वरून राळ व तेल यांचा लेप द्यावयाचा. येथें एक सृष्टिनियम सुताराच्या साहाय्यास येतो. लांकूड पाणी प्यालें म्हणजे फुगतें, आणि फुगलेल्या फळ्या मधल्या वातीस अशा आवळून धरतात कीं, पाणी आंत येण्यास वाट राहत नाहीं. पण याच नियमाची दुसरी बाजू अशी कीं, नाव फार दिवस कोरडी पडली तर फळ्या आकसतात आणि धडधाकट होडीहि गळूं लागते. म्हणजे लांकडी नावेस जशी विश्रांति पाहिजे तसें पाणीहि पाहिजे.

दुसरा शत्रु लांकूड पोखरणारा समुद्री प्राणी. त्यास आपण किडा म्हणतों खरें, परंतु प्राणिशास्त्राप्रमाणें तो शिंपल्याच्या जातीचा आहे. फळीवर टांचणीच्या टोंकाएवढें छिद्र दिसतें आणि आंत बोटाएवढीं बिळें पडलेलीं असतात. त्यास अटकाव म्हणून जुन्या काळीं पाण्याखालच्या भागास चुना आणि चरबी यांचा जाड लेप देत. बड्या जहाजांच्या तळास तांब्याचा पत्रा मारीत. परंतु सर्वांत मोठें संरक्षण म्हणजे लांकडाची निवड. सागवानांत स्वाभाविक तेल असतें; तें पाण्यास व किडीस सहजासहजीं दाद देत नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागवानी जहाजें बांधलीं, आणि त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत उतरलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे. या संबंधांत नाशिककरांनीं लक्षांत ठेवावी अशी एक गोष्ट आहे. सुरगाण्याला लागून असलेल्या डांगच्या जंगलांचे पट्टे इंग्रजांनीं १८४२ सालीं तेथील भिल्ल राजांकडून घेतले, ते मुख्यतः जहाजांसाठीं लागणाऱ्या सागवानासाठींच. समुद्र ज्यांनीं कधीं पाहिला नाहीं अशा डोंगरांतलीं झाडें अशा रीतीनें सातासमुद्रांपार गेलीं.

हल्लींच्या लांब पल्ल्याच्या शिडाच्या नौका बहुतकरून कांचतंतु व राळ यांच्या असतात, किंवा मध्यें लांकडी पट्ट्यांचा गाभा आणि दोन्ही अंगांस कांचतंतूंचें कवच असें त्यांचें अंग असतें. येथें शोध घेण्याची रीत निराळी. कारागीर लहान हातोडीनें सबंध अंगावर ठोकीत जातो आणि कानांनीं परीक्षा करतो. शाबूत जागीं टणक, स्वच्छ आवाज येतो. जेथें थर सुटले आहेत किंवा आंत पाणी शिरलें आहे तेथें बद्द आवाज येतो. मग तो भाग निष्ठुरपणें कापून काढावा लागतो, पूर्ण सुकवावा लागतो, आणि भोंवतालची कड कवचाच्या जाडीच्या दहा-बारा पट रुंदीची उतरती घांसून तिच्यावर एकावर एक नवे थर बसवावे लागतात. कड उतरती नसेल तर ठिगळ वरून कितीहि गुळगुळीत दिसलें, तरी पहिल्या मोठ्या लाटेस तें सुटण्याचा संभव असतो. रंगाचा एक हात मारून ही उणीव झांकतां येते, आणि म्हणूनच या धंद्यांत प्रामाणिकपणास कारागिरीइतकेंच मोल आहे. झांकलेली फट मालकास दिसत नाहीं. पाण्याला मात्र ती लगेच सांपडते.

डोलकाठी व सुकाणूं यांची तपासणी अशीच बारकाईची. तणाव्याची पोलादी तार मधोमध क्वचितच तुटते. ती तुटते जोडाच्या तोंडाशीं, जेथें खारें पाणी सांचून राहतें. म्हणून प्रत्येक जोड भिंग लावून पाहतात, आणि साधारण दहा वर्षें झालीं कीं बाहेरून चांगले दिसणारे तणावेहि बदलावेत असा पुष्कळ जाणत्या लोकांचा दंडक आहे. सुकाणूंची गोष्ट तर याहून नाजूक. भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका सहा स्त्री-अधिकाऱ्यांना घेऊन लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं १० सप्टेंबर १९१७ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १० सप्टेंबर २०१७ रोजीं गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. दक्षिण गोलार्धांतील तीन भूशिरें ओलांडून, सगळा बिकट मार्ग संपवून ती घराकडे वळली असतां तिच्या सुकाणूंच्या यंत्रणेंत बिघाड झाला, आणि कार्यक्रमांत नसतांहि मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत थांबून तो दुरुस्त करावा लागला. घर समोर दिसत असतां थांबणें मनास जड जातें. पण ती नौका थांबली, दुरुस्त झाली, आणि २१ मे २०१८ रोजीं सुखरूप गोव्यास परतली.

बंदर जवळ असलें तर थांबतां येतें. नसलें तर काय करावयाचें? याचें उत्तर देणारी नौका आपल्या मुंबईंतच जन्मास आली आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नांवाचा एक तरुण इंग्रज खलाशी-अधिकारी मुंबईस येऊन जाऊन असे. त्यानें कुलाब्याच्या एका कारखान्यांत बत्तीस फूट लांबीची सागवानी नौका बांधविली. हिंदी सुतारांनीं हातहत्यारांनीं ती घडविली आणि डिसेंबर १९६४ मध्यें आपल्या रीतीप्रमाणें नारळ फोडून ती पाण्यांत उतरली. दोन सोबत्यांसह त्यानें ती इंग्लंडास नेली, आणि १४ जून १९६८ रोजीं तो एकटाच तिच्यांत बसून फाल्मथहून निघाला तो कोठेंहि न थांबतां सबंध पृथ्वीस वळसा घालण्यासाठीं. हें कार्य तोंवर कोणीहि केलेलें नव्हतें.

कांहीं आठवड्यांतच, आटलांटिक महासागरांत, नौका गळूं लागली. त्यानें पाण्यांत बुडी मारून पाहिलें तों कण्याच्या वरची फट उघडली होती. किनाऱ्यावर हें काम अर्ध्या दिवसाचें. तेथें तें श्वास रोखून, हेलकावणाऱ्या नौकेखालीं करावयाचें होतें. फटींत कापूस ठासावा तर तो निघून येई. अखेर त्यानें डेकवर बसून कापडाच्या लांब पट्टीवर कापसाची वात शिवली, तिला डांबर चोपडलें, आणि ती पट्टी पाण्याखालीं जाऊन तांब्याच्या चुकांनीं फटीवर ठोकून बसविली. वरून तांब्याचा पत्रा मारला. मध्येंच एक शार्क मासा घिरट्या घालूं लागला, तेव्हां वर येऊन त्यास बंदुकीनें मारावें लागलें. पुढें नौकेचें आपोआप दिशा धरणारें यंत्र मोडलें, बिनतारी यंत्र मुकें झालें, आणि कित्येक महिने हा माणूस जिवंत आहे कीं नाहीं हें जगास कळलें नाहीं. परंतु तें ठिगळ टिकलें. २२ एप्रिल १९६९ रोजीं, ३१२ दिवसांनंतर, ती नौका फाल्मथ बंदरांत परत आली. शर्यतींत नऊ जण होते. प्रवास पुरा करणारी हीच एक. यांत धैर्य मोठें खरेंच. पण त्या धैर्याच्या तळाशीं मुंबईच्या सुतारांचें सागवान होतें आणि आपल्या नौकेची प्रत्येक फळी मालकास ठाऊक होती, हें विसरतां कामा नये.

प्रत्येक वेळीं डागडुजीस यश येतेंच असें नाहीं. याच नौकेच्या धर्तीवर गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ‘तुरीय’ नांवाची नौका बांधण्यांत आली, आणि १ जुलै २०१८ रोजीं कमांडर अभिलाष टॉमी तिच्यांतून एकट्याच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीस निघाले. सप्टेंबरांत दक्षिण हिंदी महासागरांत वादळानें नौका उलथून टाकली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली. त्यांना हलतां येत नव्हतें, मग दुरुस्ती कोण करणार? तीन दिवसांनीं फ्रान्सच्या एका जहाजानें त्यांना सोडविलें. नौका मात्र समुद्रांतच राहिली. तेच टॉमी पुढें बरे होऊन २०२२ च्या शर्यतींत दुसऱ्या नौकेनें उतरले आणि एप्रिल २०२३ मध्यें दुसऱ्या क्रमांकानें प्रवास पुरा करून आले. माणसाचीहि डागडुजी होऊं शकते, हें या उदाहरणावरून दिसतें.

आतां नांवाकडे वळूं. नांवाचा पहिला उपयोग अगदीं रोकडा आहे. नौका संकटांत सांपडली म्हणजे ध्वनियंत्रावरून साहाय्याची हांक देतात. ‘मेडे’ हा संकेतशब्द तीनदां उच्चारावयाचा आणि त्याच्या पाठोपाठ नौकेचें नांव तीनदां उच्चारावयाचें, अशी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्या शब्दाला १९२७ च्या परिषदेंत मान्यता मिळाली. वारा घोंगावत आहे, यंत्रांत खरखर आहे, ऐकणारा परदेशचा आहे. अशा वेळीं नांव आंखूड, स्पष्ट आणि दुसऱ्याशीं घोटाळा न होणारें असेल तरच त्याचा उपयोग. आजच्या माझ्या श्रोत्यांना ‘नाव’ कीं ‘नांव’ असा घोटाळा झाला तर फारसें बिघडत नाहीं. तेथें झाला तर शोधणारे भलत्याच नौकेच्या मागें जातील. सरकारी दप्तरांत क्रमांक असतोच. परंतु घाबरलेल्या माणसाच्या तोंडीं क्रमांक येत नाहीं, नांव येतें.

आणि दुसरा उपयोग मनाचा आहे. आपल्या किनाऱ्यावर होडीला एकवीरेचें, खंडोबाचें, आईचें किंवा मुलीचें नांव देतात. ज्या नांवास आपण हात जोडतों किंवा मायेनें हांक मारतों, तें कुजक्या फळीवर लिहिण्यास हात धजत नाहीं. मुंबईंत बांधलेल्या त्या नौकेचें नांव होतें ‘सुहैली’; इराणच्या आखातांतील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्यास हें नांव देतात. सुहैल हें अरबींत एका ठळक ताऱ्याचेंहि नांव आहे, आणि त्याच ताऱ्यास आपण अगस्त्य म्हणतों. समुद्र प्राशन करणाऱ्या ऋषीचें नांव! कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून निघून १९ मे २०१० रोजीं परतले व एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची नौका दिवाडीसच बांधलेली, आणि तिचें नांव ‘म्हादेई’. ज्या मांडवीच्या पाण्यांत ती प्रथम उतरली त्या नदीचें हें जुनें नांव. या सर्व उपक्रमाची मूळ कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णी येथें, म्हणजे ऐन देशावर, राहत असत. ‘तारिणी’ हें नांव ओरिसांतील गंजाम जिल्ह्यांतल्या तारा-तारिणी या देवस्थानावरून घेतलें. खलाशी व व्यापारी पूर्वापार या देवीस भजत आले आहेत. शिवाय तारिणी म्हणजे पार नेणारी, आणि आपला ‘तारूं’ हा शब्दहि त्याच कुळांतला.

याहूनहि जुनें एक नांव अलीकडे पुन्हां पाण्यावर आलें आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पांचव्या शतकांतील एका जहाजाचें चित्र आहे. त्यावरून कल्पना घेऊन, लोखंडी खिळे न वापरतां, फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवून एक जहाज गोव्यांत बांधण्यांत आलें, आणि २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें नौदलांत घेतांना त्याचें ‘कौंडिण्य’ असें नांव ठेवण्यांत आलें. समुद्र ओलांडून आग्नेय आशियांत गेलेल्या ज्या भारतीय पुरुषाची कथा तिकडे सांगतात, त्याचें हें नांव. डिसेंबर २०२५ मध्यें तें पोरबंदरहून मस्कतकडे निघालें आणि जानेवारी २०२६ मध्यें तेथें पोहोंचलें. शिवलेल्या जहाजाची डागडुजी म्हणजे ढिल्या झालेल्या दोऱ्या काढून पुन्हां शिवणें. गोधडी शिवणाऱ्या आमच्या घरांतील आजींना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाहीं.

शेवटीं एक जुना प्रश्न उरतो. आज एक फळी बदलली, उद्यां दुसरी, परवां डोलकाठी. असें करतां करतां सगळेंच बदललें, तर नौका तीच राहिली काय? ग्रीक तत्त्वज्ञांनीं या प्रश्नावर पुष्कळ वाद घातला. खलाशी तो सोप्या रीतीनें सोडवितात. ‘सुहैली’ कांहीं वर्षें ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयांत मोठ्या मानानें ठेवलेली होती. परंतु तेथील कोरड्या हवेनें तिच्या फळ्या आकसूं लागल्या. मघां सांगितलेला नियम मानमरातब ओळखीत नाहीं. तेव्हां २००२ सालीं नॉक्स-जॉन्स्टन यांनीं तिला तेथून बाहेर काढलें आणि पुढें कित्येक वर्षें खपून तिची पुन्हां डागडुजी केली. ‘तारिणी’ही पहिल्या प्रदक्षिणेनंतर अडगळींत पडली नाहीं. तीच नौका २ ऑक्टोबर २०२४ रोजीं लेफ्टनंट कमांडर दिलना व रूपा या दोघींना घेऊन पुन्हां निघाली आणि २९ मे २०२५ रोजीं दुसरी प्रदक्षिणा पुरी करून आली. मधल्या काळांत तिचे किती भाग बदलले असतील! पण नांव तेंच होतें, आणि त्या नांवाबरोबर पहिल्या सफरीचा अनुभव, पूर्वीच्या बिघाडांचीं टिपणें आणि तिच्यावरील विश्वास हीं सारीं नव्या अधिकाऱ्यांच्या हातीं आलीं. फळ्या बदलतात, कोणत्या फळीनें केव्हां दगा दिला याची आठवण नांवाच्या आधारानें राहते.

तेव्हां आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, डागडुजी व नामकरण हीं एकाच विश्वासाचीं दोन अंगें आहेत. प्रत्येक सांधा पाहिला, प्रत्येक जोड तपासला, संशय होता तें कापून काढलें, आणि आतां या नावेंत मी माझें माणूस बसवूं शकतों, अशी ज्यांची खात्री झाली त्यांनीं तें नांव रंगवावयाचें असतें. हा क्रम उलटा करतां येत नाहीं. नारळी पौर्णिमेस आपण समुद्रावर गेलांत आणि एखाद्या होडीवर ताज्या रंगांत लिहिलेलें नांव दिसलें, तर तें वाचून होतांच क्षणभर त्या अक्षरांच्या खालीं पाहावें. तेथें, पाण्याच्या रेषेपाशीं, नव्यानें भरलेली फट दिसेल. पावसाळाभर त्या घरांतील माणसें काय करीत होतीं, तें तिथें लिहिलेलें असतें.